मोटरहोममागे ओढल्या जाणाऱ्या मोटारीचे संरक्षण

मोटरहोममागे ओढल्या जाणाऱ्या मोटारीचे संरक्षण म्हणजे मोटरहोम या फिरत्या घराच्या मागे जोडून नेल्या जाणाऱ्या लहान मोटारीला रस्त्यावरील खडे, वाळू, डांबर, चिखल आणि तेलकट धूळ यांच्यापासून इजा होऊ नये म्हणून केली जाणारी उपाययोजना होय. ही पद्धत प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या देशांत आढळते. मडफ्लॅप, टो-बारवर बसवलेली ढाल, जाळीचा पडदा, मोटारीवरील आच्छादन आणि रंगावर चिकटवलेली पारदर्शक फिल्म ही तिची मुख्य साधने आहेत.

मागील मोटारीचे बहुतेक नुकसान इतर वाहनांमुळे होत नाही. ते तिला ओढणाऱ्या मोटरहोमच्याच मागील चाकांनी उडवलेल्या खड्यांमुळे होते. मोटरहोमच्या चालकाला प्रवास चालू असताना याची चाहूलही लागत नाही. फुटलेला दिवा किंवा तडकलेली काच मुक्कामाच्या ठिकाणी उतरल्यावरच दिसते.

पार्श्वभूमी

मोटरहोम हे स्वतःचे इंजिन असलेले व आत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानगृहाची सोय असलेले वाहन आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी येथील विनेबागो या कंपनीने १९६६ मध्ये मोटरहोमचे उत्पादन सुरू केले आणि त्यानंतर हे वाहन मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात आले. मोठ्या मोटरहोमची लांबी १३ मीटरपेक्षाही अधिक असू शकते. एवढे वाहन गावातील अरुंद रस्त्यांवर, बाजारात किंवा राष्ट्रीय उद्यानातील छोट्या वाहनतळावर नेणे अवघड असते. शिवाय एकदा मुक्कामाच्या जागी उभे करून पाणी, वीज व सांडपाण्याच्या नळ्या जोडल्या की किरकोळ कामासाठी ते हलवणे सोयीचे नसते. म्हणून अनेक प्रवासी मागे एक लहान मोटार जोडून नेतात आणि मुक्कामाच्या गावात तीच वापरतात.

मोटार ओढून नेण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत मोटारीची चारही चाके रस्त्यावर फिरतात व ती टो-बार नावाच्या दांड्याने मोटरहोमला जोडलेली असते. दुसऱ्या पद्धतीत पुढची दोन चाके टो-डॉली या दुचाकी गाड्यावर चढवलेली असतात. तिसऱ्या पद्धतीत संपूर्ण मोटार ट्रेलरवर ठेवली जाते. खड्यांचा त्रास तिन्ही पद्धतींत संभवतो. तथापि चारही चाकांवर ओढल्या जाणाऱ्या मोटारीला तो सर्वाधिक होतो, कारण तिचा पुढचा भाग जमिनीलगत आणि पूर्णपणे उघडा असतो.

शब्दप्रयोग

चारही चाकांवर ओढल्या जाणाऱ्या मोटारीला अमेरिकी प्रवाशांच्या बोलीत ‘टोड’ म्हणतात. ‘ओढलेली’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि बेडकासारख्या भेक या प्राण्याचे इंग्रजी नाव यांचा उच्चार सारखाच असल्याने झालेली ही कोटी आहे. ‘डिंगी’ हा शब्दही रूढ आहे. मोठ्या शिडाच्या नौकेमागे दोराने बांधून नेल्या जाणाऱ्या होडक्याला डिंगी म्हणतात. त्यावरून हा शब्द मोटारीला लावला गेला.

खडे उडण्याची क्रिया

फिरणाऱ्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग रस्त्याच्या तुलनेत क्षणभर स्थिर असतो. त्यानंतर तो भाग मागच्या बाजूने वर उचलला जातो. टायरच्या खाचेत अडकलेला किंवा ओल्या रबराला चिकटलेला खडा बहुधा याच टप्प्यावर सुटतो आणि चाकाच्या स्पर्शरेषेच्या दिशेने फेकला जातो.

उदाहरणार्थ, मोटरहोम ताशी १०० किमी वेगाने जात असून टायर जमिनीपासून १० अंश वर फिरल्यावर खडा सुटला असे मानू. हवेचा विरोध सोडून दिल्यास, मागील मोटारीच्या दृष्टीने तो खडा ताशी सुमारे ९८ किमी वेगाने तिच्याकडे येतो आणि त्याच वेळी सेकंदाला सुमारे ४.८ मीटर वेगाने वर चढत असतो. चाक आणि मोटारीचा पुढचा भाग यांत ५ मीटर अंतर असेल, तर ते अंतर सुमारे ०.१८ सेकंदात तुटते. तोपर्यंत खडा जमिनीपासून सुमारे ७० सेंमी उंचीवर पोहोचतो. बहुतेक मोटारींचे हेडलाइट आणि बोनेटची पुढची कड साधारण याच उंचीवर असते.

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला मात्र हाच खडा जवळजवळ जागच्या जागी वर उडालेला दिसेल. म्हणजे खडा मोटारीवर चाल करून येतो असे नसून, हवेत तरंगणाऱ्या खड्यावर मोटारच पूर्ण वेगाने जाऊन आदळते. त्यामुळे आघाताची तीव्रता मुख्यतः प्रवासाच्या वेगावर ठरते. ५ ग्रॅम वजनाच्या खड्याची गतिज ऊर्जा ताशी १०० किमी वेगाला सुमारे १.९ ज्यूल असते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने वेग ताशी ८० किमीवर आणल्यास ती सुमारे ३६ टक्क्यांनी कमी होते.

जास्त कोनातून सुटलेले खडे मोटरहोमच्या तळावर आदळतात, खाली पडतात आणि रस्त्यावरून उसळून पुन्हा वर येतात. मोठ्या मोटरहोमच्या मागील आसावर बहुधा प्रत्येक बाजूला दोन टायर असतात. या जोडटायरांच्या मधल्या फटीतही दगड अडकतात. तो दगड वेग वाढल्यावर अचानक सुटू शकतो.

खड्यांखेरीज दोन गोष्टींचा उपद्रव होतो. मोटरहोमची पाठ सपाट व उभी असल्याने तिच्या मागे कमी दाबाचा व भोवऱ्यांचा पट्टा तयार होतो. त्यात धूळ आणि पाण्याचे तुषार ओढले जाऊन मोटारीवर बसतात. इंजिन मागे असलेल्या डिझेल मोटरहोममध्ये क्रँककेसमधील वाफ बाहेर सोडणारी नळीही मागच्या भागातच उघडते. तिच्यातील तेलाचे सूक्ष्म थेंब काचेवर व रंगावर बसतात आणि त्यांवर धूळ चिकटते.

होणारे नुकसान

सर्वांत सामान्य नुकसान म्हणजे बोनेटच्या पुढच्या कडेवरील व बंपरवरील रंगाचे टवके उडणे. टवका पोलादी पत्र्यापर्यंत गेला आणि तसाच राहिला तर तेथे गंज धरतो.

मोटारीची समोरची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर घालून बनवलेली असते. त्यामुळे खडा लागल्यास ती सहसा आरपार फुटत नाही. बाहेरच्या थरात खळगा पडतो. असा लहान खळगा रेझिन भरून दुरुस्त करता येतो. परंतु दुर्लक्ष झाल्यास तापमानातील चढउताराने किंवा धक्क्यांनी त्याचा तडा लांबत जातो आणि काच बदलावी लागते. अलीकडच्या अनेक मोटारींत समोरच्या काचेमागे कॅमेरा बसवलेला असतो. पुढील वाहन ओळखून ब्रेक लावणे, मार्गिकेची रेषा ओळखणे इत्यादी कामे तो करतो. अशा मोटारीची काच बदलल्यावर कॅमेऱ्याची पुनर्जुळणी आवश्यक ठरते आणि त्यामुळे खर्च वाढतो.

रेडिएटरच्या पुढे असलेला वातानुकूलन यंत्रणेचा कंडेन्सर पातळ ॲल्युमिनियमचा असतो. पुढच्या जाळीतून आत गेलेला अणकुचीदार खडा त्याला भोक पाडू शकतो. ओढली जात असताना मोटारीचे इंजिन बंद असल्याने हे नुकसान त्या वेळी लक्षात येत नाही. वातानुकूलन चालू केल्यावर गार हवा येत नाही, तेव्हा ते समजते.

संरक्षणाचे प्रकार

मडफ्लॅप

मडफ्लॅप म्हणजे चाकामागे टांगलेली रबराची जाड पट्टी. ट्रक व बस यांच्यावर ती सर्वत्र दिसते. चाकाजवळील मडफ्लॅप अधिक कोनातून उडालेले खडे अडवतो. कमी कोनातून सुटलेले खडे मात्र त्याच्या खालून निसटतात. वरील उदाहरणातील खडा चाकामागे अर्धा मीटर अंतरावर जेमतेम ९ सेंमी उंचीवर असतो. पट्टीचे खालचे टोक जमिनीपासून १५ सेंमी वर असेल, तर तिचा त्याला अडथळा होत नाही.

पूर्ण रुंदीचा मडफ्लॅप

हा मडफ्लॅप मोटरहोमच्या मागील बंपरखाली एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत टांगला जातो. बंपर चाकापासून ३.५ मीटर मागे असेल, तर वरील उदाहरणातील खडा तेथे येईपर्यंत ५० सेंमीपेक्षा अधिक उंच गेलेला असतो व पट्टीवर आदळून खाली पडतो. चाकाजवळची पट्टी आणि बंपरखालची पट्टी अशा रीतीने एकमेकींना पूरक ठरतात.

या प्रकाराच्या काही अडचणीही आहेत. इंजिन मागे असलेल्या काही मोटरहोममध्ये रुंद पट्टीमुळे गरम हवा बाहेर पडण्यास अडथळा होऊन इंजिन अधिक तापू शकते. सायलेन्सरच्या नळीजवळ रबर वितळू नये म्हणून तेथे पट्टी कापावी लागते. पट्टी जमिनीला घासत असेल तर ती झिजते आणि मोकळी खडी स्वतःच उडवते. हवेच्या दाबावर चालणारे सस्पेन्शन असलेले मोटरहोम मुक्कामाच्या ठिकाणी खाली बसते. म्हणून पट्टीची उंची वाहन प्रवासाच्या स्थितीत असताना मोजावी लागते.

रबरी पट्टीऐवजी दाट राठ तंतूंचा रुंद ब्रशही वापरला जातो. त्यातून काही हवा आरपार जाते आणि खड्याचा वेग तंतूंमध्ये जिरतो. बारीक वाळू व पाणी मात्र त्यातून पुढे जाते.

टो-बारवरील ढाल

कठीण प्लास्टिकची ढाल टो-बारवर किंवा मोटारीच्या पुढील जोडपट्टीवर उभी बसवली जाते. ब्लू ऑक्स, रोडमास्टर आणि डेमको या टो-बार बनवणाऱ्या अमेरिकी कंपन्या अशा ढालीही बनवतात. ढाल मोटारीच्या अगदी पुढे असल्याने रस्त्यावरून उसळलेले खडेही ती अडवते.

ढालीचा कोन महत्त्वाचा असतो. उभ्या किंवा वरच्या बाजूस कललेल्या कठीण पृष्ठभागावरून खडा उलट दिशेला उसळून मोटरहोमच्या मागील भागावर आदळू शकतो. म्हणून खडा जमिनीकडे वळेल अशा प्रकारे ढालीचा पृष्ठभाग ठेवला जातो. वळण घेताना टो-बार आणि मोटार यांच्यातील कोन बदलतो. पूर्ण वळणातही ढाल मोटरहोमला, सुरक्षा साखळ्यांना किंवा दिव्यांच्या तारेला घासणार नाही, याची खात्री रिकाम्या मैदानावर हळू वळून करून घेतली जाते. ढालीची उंची मर्यादित असल्याने समोरच्या काचेला तिचे संरक्षण अंशतःच मिळते.

जाळीचा पडदा

मोटरहोमचा बंपर आणि मोटार यांच्या मधल्या जागेत मजबूत विणीचे जाळीदार कापड टो-बारच्या वर किंवा खाली ताणून बसवले जाते. ते खालून वर येणारे खडे अडवते. कापड लवचिक असल्याने खडा जोराने परत उसळत नाही, आणि जाळीतून हवा जात असल्याने ते फारसे फडफडत नाही. वापर नसताना ते गुंडाळून ठेवता येते. सैल बसवलेले कापड रस्त्याला घासून फाटते व साखळ्यांत अडकू शकते.

मोटारीवरील आच्छादन

बोनेट, दिवे आणि बंपर झाकणारे व्हिनिलचे किंवा जाड कापडाचे आच्छादन थेट मोटारीवर बांधले जाते. काही आच्छादने समोरची काचही झाकतात. इंजिन बंद असल्याने पुढची जाळी झाकली तरी ओढताना बिघडत नाही. मात्र मोटार स्वतः चालवण्यापूर्वी आच्छादन काढणे अत्यावश्यक असते. अन्यथा इंजिनाला थंड हवा मिळत नाही.

आच्छादनाखाली धूळ शिरली व कापड वाऱ्याने हलत राहिले, तर ते पॉलिश कागदाप्रमाणे रंग घासून काढते. ओल्या कापडाखाली ओलावाही साठतो. म्हणून मोटार धुऊन व कोरडी करून मगच आच्छादन घट्ट बांधावे लागते.

पारदर्शक फिल्म

थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म रंगावर कायमची चिकटवली जाते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा झिजू नयेत म्हणून वापरल्या गेलेल्या फिल्मपासून हे तंत्र विकसित झाले. बारीक खडे आणि वाळू यांच्यापासून ती रंग वाचवते. किरकोळ ओरखडे उष्णतेने भरून येतील अशा फिल्मही मिळतात. मोठ्या दगडाने पत्र्याला पडणारा पोचा किंवा काचेला जाणारा तडा ती थांबवू शकत नाही. मोटार ओढली जात नसतानाही तिचा उपयोग होतो, हा तिचा विशेष आहे.

बंदिस्त ट्रेलर

बंदिस्त ट्रेलरमध्ये ठेवलेली मोटार खड्यांपासून पूर्णपणे सुरक्षित असते. परंतु ट्रेलरचे वजन, किंमत आणि मुक्कामाच्या ठिकाणी तो उभा करण्यासाठी लागणारी जागा यांमुळे जुन्या किंवा मौल्यवान मोटारींसाठीच तो मुख्यतः वापरला जातो.

उपायांची मर्यादा

खड्यांचे संपूर्ण निवारण करणारे एकच साधन उपलब्ध नाही. चाकाजवळ अडवलेला खडा सर्वांत कमी अपाय करतो. तेथून निसटलेला खडा मधल्या जागेत अडवावा लागतो. आणि तोही चुकला तर मोटारीवरील आवरण हाच शेवटचा आधार राहतो. म्हणून लांबच्या प्रवासासाठी बहुधा दोन साधने एकत्र वापरली जातात, उदाहरणार्थ रुंद मडफ्लॅप आणि जाळीचा पडदा. समोरून येणाऱ्या किंवा ओलांडून जाणाऱ्या वाहनांनी उडवलेल्या खड्यांवर मडफ्लॅपचा काहीच उपयोग होत नाही.

संरक्षक साधन नीट न बसवल्यास ते स्वतःच धोकादायक ठरते. महामार्गावर सुटून पडलेली ढाल किंवा पट्टी मागून येणाऱ्या वाहनांवर, विशेषतः दुचाकीस्वारांवर आदळू शकते. त्यामुळे प्रत्येक मुक्कामानंतर टो-बारच्या खिळी, साखळ्या व दिव्यांची तार यांच्याबरोबर या साधनांचे बोल्ट आणि पट्टेही तपासले जातात.

प्रवासातील काळजी

वेग कमी ठेवणे हा बिनखर्चाचा आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. त्यामुळे खडा कमी उंच उडतो आणि त्याचा आघातही सौम्य होतो. खडीच्या रस्त्यावरून पक्क्या रस्त्यावर आल्यानंतर लगेच वेग न वाढवता वाहन थांबवून जोडटायरांच्या फटीतील दगड काढले जातात. रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर सैल खडी साठलेली असते. म्हणून मागील चाके मार्गिकेच्या आत ठेवली जातात. मोटरहोममध्ये बसवलेल्या मागील कॅमेऱ्यातून ढाल किंवा आच्छादन सुटले आहे का, हे पाहता येते. खडा आदळलेला सहसा दिसत नाही.

रस्त्याची स्थिती फारच वाईट असेल, तर टो-बार सोडून मोटार दुसऱ्या व्यक्तीने बरेच अंतर राखून स्वतंत्रपणे चालवत आणणे हा पर्यायही स्वीकारला जातो. चारही चाकांवर ओढली जाणारी मोटार जोडलेल्या अवस्थेत मागे घेता येत नाही, कारण तिची पुढची चाके आडवी वळतात आणि टो-बार वाकू शकतो. त्यामुळे हा निर्णय खराब रस्ता सुरू होण्यापूर्वी, मोकळी जागा असतानाच घ्यावा लागतो.

खडीचे मार्ग

उत्तर अमेरिकेत या प्रश्नाची खरी कसोटी अलास्का व कॅनडाच्या वायव्य भागातील रस्त्यांवर लागते. अलास्का महामार्ग १९४२ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधला गेला. तो ब्रिटिश कोलंबियातील डॉसन क्रीक येथून सुरू होऊन अलास्कातील डेल्टा जंक्शनपर्यंत जातो. अनेक दशके त्याचा मोठा भाग खडीचा होता. आज तो पक्का असला, तरी गोठलेली जमीन वितळून खचत असल्याने उन्हाळ्यात दुरुस्तीची कामे चालू असतात आणि त्या टप्प्यांत मोकळी खडी असते. अलास्कातील डाल्टन महामार्ग आणि कॅनडातील डेम्पस्टर महामार्ग हे आजही मोठ्या अंतरापर्यंत खडीचेच आहेत. डाल्टन महामार्ग सुमारे ६६६ किमी लांबीचा असून तो १९७४ मध्ये तेलवाहिनीच्या बांधकामासाठी तयार करण्यात आला. तेथे अवजड ट्रकांची वर्दळ असते.

डांबराच्या पातळ थरावर बारीक खडी पसरून केलेला रस्ता अमेरिकेच्या ग्रामीण भागात सर्रास आढळतो. काम नुकतेच झाले असेल, तर न बसलेली खडी व ओले डांबर दोन्ही उडतात. अशा ठिकाणी कमी वेगाच्या पाट्या लावलेल्या असतात.

इतर देशांतील स्थिती

ऑस्ट्रेलियात मोटारीमागे कॅराव्हॅन ओढण्याची पद्धत अधिक रूढ असल्याने तेथे प्रश्नाची बाजू उलटी होते. मोटारीच्या चाकांनी उडवलेले खडे कॅराव्हॅनच्या पुढच्या भागावर आदळतात आणि तेथून परत उसळून मोटारीचीच मागील काच फोडतात. किंबर्ली भागातील गिब नदी मार्गासारख्या खडीच्या रस्त्यांवर जाणारे प्रवासी म्हणून मोटार व कॅराव्हॅन यांच्या मधल्या जागेत जाळी ताणतात. अमेरिकेतील जाळीचा पडदा आणि ही जाळी यांचे तत्त्व एकच आहे.

ब्रिटनमध्ये इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराच्या सांगाड्याने मोटार ओढली जाते. ओढली जात असताना अशी मोटार तेथे ट्रेलर समजली जाते आणि ट्रेलरला लागू असलेले ब्रेक व दिव्यांचे नियम तिला लागू होतात. अमेरिकेत मडफ्लॅपविषयीचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. कोणत्याही ठिकाणी संरक्षक साधनामुळे मोटारीचे आवश्यक दिवे किंवा नोंदणीपट्टी झाकली जाणार नाही, हे पाहावे लागते.

भारतात मोटरहोमची संख्या अल्प असून तिच्यामागे खासगी मोटार जोडून नेण्याची पद्धत रूढ झालेली नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्याचा भर वाहन आणि मुक्कामाच्या जागा यांवर आहे. तथापि खडी उडण्यामागचे तत्त्व सर्व रस्त्यांवर सारखेच आहे. दुरुस्ती चालू असलेल्या रस्त्यावर ट्रकच्या अगदी मागून जाणाऱ्या मोटारीची काच ज्या कारणाने तडकते, त्याच कारणाने मोटरहोममागील मोटारीचीही तडकते. फरक इतकाच की ट्रकमागील चालक अंतर वाढवू शकतो. टो-बारने जोडलेल्या मोटारीला ती सोय नसते.